मातीचा गड आणि एकोणीस आठवड्यांचा वेढा

दसरा सरला की आपल्या सातारा-सांगलीकडच्या गल्ल्यांतून पोरांची एकच धांदल उडते. कुणी ओढ्याकाठची लाल माती घमेल्यातून आणतो, कुणी पडक्या भिंतीचे दगड गोळा करतो, कुणी आजीची नजर चुकवून घरातले गोणपाट पळवतो. वसुबारसेपर्यंत अंगणात गड उभा राहतो. त्याला बुरूज येतात, दरवाजा येतो, वर चढणारी वाट येते. उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरली की चार दिवसांत रान हिरवेगार दिसू लागते. मग बाजारातून चित्रे आणायची. माथ्यावर महाराजांचे सिंहासन, बुरुजांवर भालेवाले मावळे, दरवाजाशी तोफ, आणि खाली पायथ्याला गवळण, भाजीवाली, क्वचित एखादा वाघसुद्धा!

मंडळी, ही दिवाळीची शोभा आपण सर्वांनी पाहिली आहे. बहुतेकांनी लहानपणी हाताने केलीही आहे. पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे का? या गडावर लढाई कधी होत नाही. मावळे पहाऱ्यावर उभे राहतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत उभेच असतात. त्यांच्यावर कुणी चाल करून येत नाही. येणार तरी कोण? बाजारात महाराज मिळतात, मावळे मिळतात. मोगलांचे चित्र मागितले तर दुकानदारही हसेल. ज्या गडावर शत्रूच नाही, त्या गडावर मावळा कशासाठी जागतो आहे, हे पोराला कळायचे कसे?

आज मी तुम्हाला सांगणार आहे ते याच मातीच्या गडावर खरी, इतिहासात घडून गेलेली लढाई पुन्हा कशी लढावी याविषयी. हा खेळ मी नव्याने काढलेला नाही. युरोप-अमेरिकेत आज हजारो मोठी माणसे, चांगली पोक्त, संसारी माणसे, हा छंद करतात. बोटाच्या पेराएवढे शिपाई शिशाचे किंवा प्लॅस्टिकचे ओतायचे, त्या त्या पलटणीच्या गणवेशाप्रमाणे बारीक कुंचल्याने रंगवायचे, टेबलावर डोंगर, नदी, गाव मांडायचे, आणि दोघांनी समोरासमोर बसून एखादी जुनी लढाई नियमाने लढायची. कोणती तुकडी किती चालेल हे फूटपट्टीने मोजायचे, गोळी लागली की चुकली हे फासा टाकून ठरवायचे.

या खेळाचे मूळ मात्र आपल्याच घरी सापडते. हत्ती, घोडा, उंट, प्यादे घेऊन बसणारे आपले बुद्धिबळ म्हणजे दुसरे काय? ते तर चतुरंग सेनेचे युद्ध! सांगली हे बुद्धिबळाचे गाव. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि पुढे किती पिढ्यांना या खेळाची गोडी लावली. परंतु बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नाही, चिखल नाही, आणि कुणाला भूकही लागत नाही. घोडा अडीच घरे जाणार म्हणजे जाणारच. त्याला दाणा मिळाला की नाही हे कुणी विचारत नाही. जर्मनीतल्या हेलविग नावाच्या गणितज्ञाला हीच उणीव जाणवली, आणि त्याने १७८० मध्ये मोठा पट आखून त्यावर नद्या, टेकड्या, गावे घातली. पुढे प्रशियात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी चौकटीच काढून टाकल्या. बापाने १८१२ मध्ये आपल्या राजाला रणभूमी असलेले एक टेबल दाखवले. लष्करात लेफ्टनंट असलेल्या लेकाने १८२४ मध्ये नकाशावर खेळण्याचे नियम छापले. त्यात दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसे. तुमच्या सेनापतीला खरोखर जेवढे दिसले असते, तेवढेच पंच तुम्हाला सांगणार. डोंगरापलीकडे काय चालले आहे हे कळायचे नाही. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांचे शिक्षण या खेळाने होऊ लागले, आणि मग इतर देशांनीही तो उचलला.

लष्करातला हा खेळ घराच्या अंगणात आणला तो इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स याने. १९१३ मध्ये त्याने या खेळावर एक छोटे पुस्तकच लिहिले. शिशाचे शिपाई, लाकडाच्या कांड्या उडवणाऱ्या स्प्रिंगच्या तोफा, आणि जमिनीवर गुडघे टेकून बसलेले त्याचे स्नेही. शेवटी त्याने म्हटले, युद्ध करायचेच असेल तर ते असे खेळण्यातले करावे, खरे नको. पण त्याचे ऐकणार कोण? दुसऱ्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले.

आणखी एका इंग्रजाची हकिकत सांगतो. शिक्षकांना ती विशेष उपयोगी आहे. विल्यम सायबोर्न नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईचा देखावा करायला घेतला. ही लढाई १८१५ सालची. तीत नेपोलियनचा पराभव करणारा वेलिंग्टन म्हणजे कोण, ठाऊक आहे? १८०३ मध्ये जालन्याकडे असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्ली, तोच हा. सायबोर्न रणांगणावरच्या एका वाडीत आठ महिने राहिला, जमीन मोजली, लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडून ‘संध्याकाळी तुम्ही नेमके कुठे होता?’ असे विचारले. मग पंचाहत्तर हजारांच्या आसपास चिमुकले शिपाई त्याने मांडले. पण देखाव्यात मदतीला आलेले प्रशियन सैन्य फार मोठे आणि फार पुढे आलेले दिसते, विजयाचा वाटा त्यांच्याकडे जातो, अशी नाराजी वरिष्ठांत उमटली. अखेर त्याला प्रशियनांच्या बऱ्याच पलटणी उचलून ठेवाव्या लागल्या! १८३८ मध्ये लंडनला लोकांनी तो देखावा पाहिला, आणि आजही तो तिथल्या लष्करी संग्रहालयात आहे. म्हणजे शिपाई शिशाचा असो की मातीचा, तो कुठे ठेवायचा आणि कुठून उचलायचा, हा इतिहासाचाच प्रश्न असतो. आपल्या दिवाळीच्या गडावरून शत्रू उचलला गेला आहे, तो आपण परत मांडला पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. लढाई कोणती घ्यावी? प्रतापगड सर्वांच्या ओठांवर आहे. १० नोव्हेंबर १६५९ चा तो दिवस, जावळीचे रान, तोफेची इशारत, हे सारे पोरांना पाठ आहे. मी मात्र तुम्हाला अशी लढाई सुचवतो की जी आपण हरलो. सातारच्या किल्ल्याचा वेढा. आज ज्याला आपण अजिंक्यतारा म्हणतो, तोच हा किल्ला.

प्रसंग असा. राजाराम महाराजांनी साताऱ्याला राजधानी केली. औरंगजेब सुमारे अठरा वर्षे दक्षिणेत ठाण मांडून होता. मराठ्यांचे किल्ले एकेक करून आपणच घ्यायचे, असे ठरवून तो १६९९ मध्ये भीमाकाठची छावणी उठवून निघाला. वाटेत कऱ्हाडजवळचा वसंतगड घेतला आणि डिसेंबरच्या ८ तारखेला साताऱ्याखाली येऊन उतरला. बादशहाचा तळ उत्तरेला करंज्याला पडला. शहाजादा आझम पश्चिमेला होता. त्या जागेचे नाव पुढे शहापूर पडले, असे ग्रँट डफ सांगतो. हा डफ साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, आणि किल्ल्याची जागा त्याच्या रोजच्या पाहण्यातली होती. पूर्वेच्या बाजूने तरबियतखानाचे मोर्चे लागले. ईशान्येच्या कोपऱ्यावर तो सुरुंग खणू लागला. तिथे डफच्या मोजणीप्रमाणे बेचाळीस फूट सरळ कातळ आणि त्यावर पंचवीस फूट चिरेबंदी होती. कातळ फोडायचा म्हणजे काय काम आहे, हे विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याला मी सांगायला नको.

किल्ल्यावर प्रयागजी प्रभू होता, शिवाजी महाराजांच्या हाताखाली वाढलेला जुना माणूस. मोगल कड्याशी आले की वरून धोंडे लोटले जात. पण किल्ल्याची अडचण धोंड्यांची नव्हती, दाण्यांची होती. साठा बेताचा होता. तेव्हा परशुराम त्रिंबक परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर, जाऊन बसले, आणि शहाजादा आझमच्या लोकांशी संधान बांधून साताऱ्याला धान्य पोचते करीत राहिले, असे डफ लिहितो. इकडे खाली मोगलांची स्थितीही सुखाची नव्हती. एवढ्या अफाट छावणीला रसद दुरून यायची, आणि वाटेवर मराठ्यांची घोडी टपलेली!

१३ एप्रिल १७०० ला सुरुंग उडाले. पहिल्या सुरुंगाने वरचे काही लोक चिरडले गेले. प्रयागजी स्वतः ढिगाऱ्याखाली सापडला आणि जिवंत निघाला. दुसरा सुरुंग उडाला तेव्हा तट आत पडण्याऐवजी बाहेर, हल्ल्यासाठी दाटीने उभ्या असलेल्या मोगलांच्याच अंगावर कोसळला. दोन हजारांवर माणूस दगडांखाली गेला, असे सांगतात. तरीही किल्ला टिकला नाही. २ मार्चला सिंहगडावर राजाराम महाराज वारले होते. दाणा संपत आला होता. आझमच्या मध्यस्थीने बोलणे झाले आणि २१ एप्रिलला किल्ला मोगलांच्या हाती गेला. त्याचे नाव आझमतारा ठेवले गेले.

आता ही लढाई शाळेच्या अंगणात मांडू या. खर्च काही नाही. गड मातीचा. चित्रे कुंभाराकडून आणा, नाहीतर शाडूची मुलांनीच करावीत. एक चित्र म्हणजे पन्नास माणसे. गडावर दहा चित्रे, खाली चाळीस. हे आकडे खेळासाठी धरलेले आहेत, इतिहासातले नव्हेत. मुलांना तसे स्पष्ट सांगावे. ८ डिसेंबर ते २१ एप्रिल हे एकोणीस आठवडे होतात. म्हणून एक पाळी म्हणजे एक आठवडा. फाशाऐवजी सहा कवड्या.

गडावरची मुले जुन्या रिवाजाप्रमाणे कामे वाटून घेतील. एक हवालदार, त्याच्याकडे किल्ल्या. एक सरनोबत, त्याच्याकडे पहारा. एक सबनीस, त्याच्याकडे दप्तर. आणि एक कारखानीस, त्याच्याकडे धान्य. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर एकट्याच्या हाती सगळा कारभार नसे, तो का नसे, हे खेळताना आपोआप कळते. कारखानिसापुढे ज्वारीची टोपली ठेवायची. तीत मोजून पंधरा मुठी. दर आठवड्याला एक मूठ बाहेर. पंधरा मुठींत एकोणीस आठवडे कसे काढायचे? परळीकडे रात्री माणसे धाडा. तीन किंवा जास्त कवड्या उताण्या पडल्या तर एक मूठ दाणा येईल, नाहीतर एक चित्र गेले.

मोगलांच्या बाजूलाही धान्याची टोपली आहेच. त्यांची रसद वाटेत लुटली गेली की नाही, हे दर आठवड्याला कवड्या सांगतील. लुटली तर त्या आठवड्याचे काम बंद. सुरुंगासाठी कामाचे बारा आठवडे लागतील. घाई करून आधी शिड्या लावायच्या असतील तर लावा, पण वरून धोंडे येतील. सुरुंग उडाला की पुन्हा कवड्या: तट आत पडला की बाहेर? पंच अर्थातच गुरुजी किंवा बाई. गडावरच्या मुलांना मोगलांच्या टोपलीत किती दाणे उरले ते दिसू द्यायचे नाही, आणि त्यांचे मोगलांना.

पहिली अडचण कोणती येईल, मी आत्ताच सांगतो. ‘गुरुजी, आम्ही न्हाई मोगल होणार!’ येणारच. त्यांना रागे भरू नका. अर्धा खेळ झाला की बाजू बदलायची, असा नियमच ठेवा. खाली बसलेल्या पोराला समजेल की वरचा गड केवढा उंच आहे, दाणा किती लांबून आणावा लागतो, आणि चाळीस चित्रे हाताशी असूनही दहांपुढे काही चालत नाही. आपल्या पूर्वजांची थोरवी ‘मोगल भेकड होते’ असे घोकून कळत नाही. बलाढ्य, चिवट, कसबी शत्रूशी गाठ होती, हे एकदा त्याच्या जागी बसून पाहिले म्हणजे ती कळते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. कारखानिसाच्या मुलाकडून गणित करून घ्या. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरा. पाचशे माणसांना रोज अडीच क्विंटल. १३३ दिवसांना ३३२ क्विंटलांच्या वर. म्हणजे क्विंटलाचे एक अशी तीनशे तेहतीस पोती, ती सगळी माणसाच्या नाहीतर बैलाच्या पाठीवरून त्या चढणीने वर न्यायची. ज्याने हे गणित केले, तो पुन्हा गडावर सहलीला गेला की नुसता बुरुजावर उभा राहून ओरडणार नाही. ‘कोठार कुठं होतं? पाण्याचं तळं कुठं?’ असे विचारील. ती खरी इतिहासाची सुरुवात.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी ही हरलेली लढाई निवडली. जिंकले कोण? एकोणिसाव्या आठवड्याला गड पडला तर मुले म्हणतील, आपण हरलो. मग त्यांना फळ्यावर पुढची यादी लिहून दाखवा. साताऱ्यानंतर परळी, १७०० मध्येच. पन्हाळा १७०१. विशाळगड १७०२. सिंहगड १७०३. राजगड आणि तोरणा १७०४. बादशहाने गड घेतले खरे, पण दर गडामागे महिने गेले, खजिना गेला, माणसे आणि जनावरे गेली. त्याच १७०० सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस माण नदीकाठी खवासपूरच्या छावणीत रात्री पूर शिरला, आणि त्या गडबडीत म्हाताऱ्या बादशहाचा गुडघा कायमचा दुखावला. १७०७ मध्ये तो अहमदनगरला वारला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १७०८ मध्ये, शाहू महाराजांनी साताऱ्याला राज्याभिषेक करून घेतला. कुठे? याच पडलेल्या गडाच्या गावी!

म्हणून या खेळात गड राखणाऱ्याला एक आठवडा टिकला की एक खडा द्या. गड पडला की नाही यावर गुण नाहीत. किती आठवडे टिकला यावर आहेत. प्रयागजीच्या लोकांनी एकोणीस खडे मिळवले. तुमच्या वर्गाने बारा मिळवले तर आपले काय चुकले ते शोधावे, बावीस मिळवले तर कवड्यांनी किती हात दिला तेही प्रामाणिकपणे सांगावे. किल्ले विजयासाठी लढत नव्हते, वेळासाठी लढत होते. पुस्तकातल्या एका ओळीत, ‘सातारा पडला’ एवढ्यात, ही गोष्ट कधीच दिसत नाही. एकोणीस वेळा टोपलीतून मूठ काढली म्हणजे ती हाताला कळते.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक पथ्य मात्र पाळा. खेळ संपल्यावर प्रत्येकाच्या वहीत दोन रकाने आखून घ्या. एकात ‘घडले ते’, दुसऱ्यात ‘आम्ही खेळलो ते’. परळीहून दाणा आला, हे पहिल्या रकान्यात. तुमच्या सरनोबताने रात्री छापा घालून तरबियतखानाला पकडले असेल, तर शाबास म्हणा, पण ते दुसऱ्या रकान्यात. हे दोन रकाने ज्याला वेगळे ठेवता आले, त्याला पुढे आयुष्यात कुणी सहजी फसवू शकणार नाही.

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि आटपतो. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी त्या गावाची ख्याती. वेल्सचे म्हणणे न ऐकता जे महायुद्ध पेटले, त्यात या एकट्या गावचे ४६ जवान कामी आले. गावात त्यांचे स्मारक आहे. तेव्हा आपल्या भागात शिपाई हे काही नुसते दिवाळीतले चित्र नाही. ज्या पोराच्या हातात मातीचा मावळा आहे, त्याचा बाप किंवा मामा आज सीमेवर असू शकतो.

खेळ संपला म्हणजे मुले पडलेली चित्रे उचलतील, फुंकर मारून माती झाडतील, आणि पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवतील. त्यावेळी त्यांना थोडे थांबवा. गडावरची किती पडली आणि खालची किती, ते मोजायला लावा. त्या आकड्याला पन्नासाने गुणायला सांगा, आणि उत्तर फळ्यावर लिहा. मग काही बोलू नका. मुले आपापसांत काय बोलतात ते ऐका.

यंदाच्या दिवाळीला तुमच्या अंगणात गड होईलच. त्याच्या पायथ्याशी या वेळी चार तंबूही उभारा.